खऱ्या फिल्मचा हार

लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मध्यस्थ माझ्या वडिलांना म्हणाला होता, "मुलगो मोप्याच्या विमानतळार कामाक आसा, घर डिचोलीत, फाटल्यान कुळागर. आणि मुलग्याचो बापूस एका काळार सिनेमा लायनीत होतो." शेवटचं वाक्य ऐकून आमच्या घरातले सगळे जरा सरळ बसले. सिनेमा लाईन म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझी आई तर नंतर शेजारणीला सांगत सुटली की सेजलचे सासरे सिनेमावाले.

घरी येऊन बघते तर सासरे, गोकुळदास त्यांचं नाव, पहाटे उठून मागच्या कुळागरात पोफळींना पाणी सोडणारे. बोलणं कमी. टीव्हीवर सिनेमा लागला की उठून बाहेर सोप्यावर जाऊन बसणारे. मला वाटलं, वय झालंय, आवाज सोसत नसेल.

"बाबा सिनेमात काय करीत होते?" मी साईशला, माझ्या नवऱ्याला, एकदा विचारलं.

"पायलट होते मगो. मोटारसायकलीर भाडी मारीत. थिएटरची रिळां पण न्हेत-हाडीत."

"मग पिक्चर फुकट बघत असतील."

"म्हायत नाय. सांगणत नाय कदी." आणि तो कूस बदलून झोपला. सकाळची शिफ्ट होती.

एवढंच मला ठाऊक होतं. आणि एवढ्यावर मी सगळं रचलं.

आमच्या बाबूचा पहिला वाढदिवस जवळ आला. हल्ली वाढदिवसाला थीम लागते. जंगल झालं, समुद्र झाला, विमान तर मोप्याकडच्या प्रत्येक घरात झालं. बाबूला पोटाशी घेऊन पाजताना मी फोनवर सजावटी बघत बसायचे. एका हाताने त्याच्या कानामागची मऊ जागा चोळायची आणि दुसऱ्या हाताने चित्रं सरकवायची. तशीच एकदा ती पट्टी दिसली. काळी, दोन्ही कडांना चौकोनी भोकं आणि मध्ये एकापुढे एक फोटो. बारा घरं, बारा महिने. पहिल्या घरात कापडात गुंडाळलेला लालबुंद बाबू, सहाव्यात पेजेने माखलेला, अकराव्यात तुळशीला धरून उभा. आणि मला वाटलं, झालं! सिनेमा. आजोबांची लाईन. नातवाच्या वाढदिवसाला आजोबांचा मान.

डिचोलीत सजावटीची कामं करतो तो गौरेश घरी आला. पंचविशीचा असेल, कानात बाळी. त्याने सांगायला सुरुवात केली की थांबत नाही.

"वहिनी, तुमी बघतच रवतल्यात. गेटार मोठां रीळ, थर्माकोलाचां. भितर क्लॅप, पॉपकॉर्नाचां मशीन. आणि सगळीकडे पट्टी."

"पण गौरेश, आता ती पट्टी असते कुठे? आता सगळं कॉम्प्युटरवर ना?"

"तां खरां. मी स्वता कदी हातात धरूक नाय. पण वहिनी, पट्टी दाखयली काय बारक्या पोराकय कळता, सिनेमा म्हणान. पेन ड्राइव्ह टांगून कोणाक कळतलां?"

आम्ही दोघंही हसलो. मग मीच म्हटलं, "कागदाची पट्टी मुलांच्या गळ्यात घाल. पण बाबांसाठी मला खरी हवी. खऱ्या फिल्मचा हार."

तो डोकं खाजवत गेला आणि आठवड्याने फोंड्याच्या एका भंगारवाल्याकडून एक भेंडोळं घेऊन आला. मी ते उजेडाकडे धरलं. एवढीएवढीशी माणसं, एकसारखी, एकाखाली एक, जणू कुणी त्यांना श्वास रोखून उभं केलंय. कडेने बोट ओढलं तर बारीक चिरलं. मी बोट तोंडात घातलं आणि खूश झाले. खरी वस्तू ती खरीच.

सासूबाईंना मी आधी विचारलं होतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असते. सुमंगला त्यांचं नाव, माहेर इब्रामपूर. त्या खोबरं किसत बसल्या होत्या.

"आई, बाबूच्या वाढदिवसाक सिनेमाची थीम करूया? बाबांका बरां वाटात."

त्यांचा हात थांबला. मग परत चालू झाला. करवंटीचं काळं दिसेपर्यंत त्या किसत राहिल्या.

"आई?"

"तुका आवडता तर कर गो."

"पण बाबांका सांगू नकात हां. सरप्राइज."

"मी नाय सांगणत," त्या म्हणाल्या.

मी तो होकार समजले.

आमच्याकडे पहिल्या वाढदिवसाला केक नंतर, गाऱ्हाणं आधी. घरातला वडील पुरुष देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो आणि मोठ्या आवाजात देवाशी बोलतो. बाळाचं नाव सांगतो, त्याच्यासाठी काय काय हवं ते मागतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणतात. बाबू जन्मला तेव्हा पाच-सहा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. तेव्हा बाबांनी देवाला बोलून ठेवलं होतं, वर्ष पुरं झालं की तुझ्या पायाकडचा प्रसाद आणून पोराचं गाऱ्हाणं घालीन. मला त्या गाऱ्हाण्याची आस होती. केक मी हौसेने मागवला होता, पण माझं मन खरं त्या "होय म्हाराजा"त होतं. ते झालं की पोर आपलं, असं वाटत होतं. तोवर उसनं आणल्यासारखं.

वाढदिवसाच्या सकाळी बाबा फोंड्याकडे कुळदेवतेला गेले. तेवढ्या वेळात गौरेशने घर बदलून टाकलं. संध्याकाळी माणसं जमू लागली. इब्रामपूरहून बाबलीमामा आले, सासूबाईंचे चुलत भाऊ. त्यांना मीच फोन करून बोलावलं होतं. सासूबाईंच्या माहेरचं कुणी कधी येत नाही, त्या जात नाहीत, जत्रेलासुद्धा नाही. म्हटलं, माझ्या हातून हेही बरं काम होऊन जाऊ दे. मामांना दारात बघून सासूबाई "ये" म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. पाणी साईशने आणून दिलं.

मग बाबा आले. अंगात पांढरा शर्ट, हातात पानात बांधलेला प्रसाद. गेटात ते थांबले. वर थर्माकोलचं भलंथोरलं रीळ लटकत होतं, त्यातून पट्टी निघून सोप्यापर्यंत गेली होती. मला वाटलं, आनंदाने थांबले. मी धावत गेले. बाबूला एका कडेवर घेतलेलं, दुसऱ्या हातात तो हार. गौरेश शेजारी फोन धरून चालत होता. "बाबा, मान वाकवा," मी म्हटलं. त्यांनी वाकवली. का वाकवली असेल? हातात प्रसाद होता, समोर सून होती, कडेवर नातू. मी हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि सोप्यावरून बाबलीमामा ओरडले, "अरे गोकुळदासा! परत तोच हार? ह्या टायमाक तरी पेटी बघून हाडलंस मा रे?"

म्हातारी माणसं आधी हसली. ज्यांना ठाऊक होतं ती. मग सगळेच हसले, लग्नकार्यात हसतात तसे, काय झालं ते न कळता.

मीही हसले.

बाबांनी प्रसाद माझ्या हातात दिला. मग हार काढला. ओढला नाही, फेकला नाही. दोन बोटांनी कडेला धरून त्याची गोल गुंडाळी केली, चित्राला अंगठा लागू न देता, आणि तीही मला दिली. "नीट ठेव. मुरगळता," म्हणाले. आणि घराला वळसा घालून मागे कुळागरात उतरून गेले. थोड्या वेळाने बघते तर सासूबाईही नाहीत. हातातलं तबक मेजावर ठेवून कुठे गेल्या कुणास ठाऊक. मला त्यांचा राग आला. घरात एवढी माणसं, आणि ह्या निघून गेल्या! वाढायचं कुणी?

"गाऱ्हाणां?" कुणीतरी विचारलं.

"बाबांक जरा बरां नाय," साईश म्हणाला. "मागीर घालूया."

केक कापला. बाबू मेणबत्तीला घाबरून रडला. प्रसाद देव्हाऱ्यात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबू निजल्यावर मी सासूबाईंच्या समोर जाऊन बसले. त्या आदल्या दिवशीची मोठी भांडी घासत होत्या.

"आई, मामा काय म्हणत होते? कसली पेटी?"

त्यांनी वर बघितलं नाही. बराच वेळ टोपाचा तळ घासत राहिल्या. मग टोपाशीच बोलायला लागल्या.

"माझ्या लग्नाक वरस जाऊक नव्हता. इब्रामपुराक जत्रेक सिनेमाचो तंबू लागलेलो. पिक्चर एकूच, पण तो हय डिचोलीच्या थिएटरात चलतलो आणि तय तंबूतय. तेव्हा तसाच करीत. पिक्चर म्हणजे काय, पत्र्याच्यो पेटयो. हय एक पेटी बघून झाली की हे ती मोटारसायकलीक बांधून, होडयेतसून न्हंय पार करून तंबूत पोचयत. तयची झालली पेटी परत हय हाडीत, रातच्या खेळाक. अशे रातभर खेपो."

"मग?"

"शेवटची पेटी तंबूत हाडूची होती. हे तंबूतली झालली पयली पेटी घेऊन थिएटरात गेले. ती खाली ठेयल्यानी. आणि घायघायत तीच परत उचलून हाडल्यानी." त्यांनी टोप पालथा घातला. "शेवट म्हणान लायलो, तर पडद्यार परत सुरवात. नावां येऊक लागली. लोकांका वाटला फसयल्यानी. बसूची कदेलां मोडली. मागीर ह्यांकाच धरल्यानी. पेटीतली सगळी फिल्म ओढून काढली आणि घातली गळ्यात. हार म्हणान. ढोल होतेच जत्रेचे. वाजयत वाजयत फिरयल्यानी सगळ्या जत्रेत."

"कोणी?"

"गावान. फुडे बाबली."

नळाखाली पाणी वाहत होतं, ते मी बंद केलं.

"एवढी घाई कशाक होती बाबांका?"

"माका सांगितललां, शेवट आपण दोघां मेळान बघूया. तेंका कदी खंयच्या पिक्चराचो शेवट बघूक मेळणत नसलो. सदाच रस्त्यार. म्हणान घाय." त्यांनी टोपाची कड पुसली. "मी फुडल्या रांगेत बसललंय. सगळ्या बायकांका सांगितललंय, पिक्चर आमच्या ह्यांनी हाडलो. आणि तेंका तसे माझ्या फुडसून न्हेल्यानी. गळ्यार चरे पडलले, रगत येय होता. शेजारच्या बायलेन इचारल्यान, तुझो घोव मा गो तो? मी पदर ओढलो. म्हटलंय, खंय तो? माका दिसणा नाय."

त्या उठल्या, टोप उन्हात ठेवून आल्या.

"कदी उलोवक नाय आमी त्या विषयार. ते नाय, मी नाय."

"मी तुमकां विचारलेलां, आई."

"तुका काय सांगतलंय गो? ह्या?" पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कर म्हणान सांगणां सोपां होता."

तेवढ्यात आत बाबू रडला म्हणून मी उठले. नसता रडला तरी उठलेच असते.

त्याच संध्याकाळी गौरेशचा व्हिडिओ आला. त्याने आपल्या पानावर टाकला होता, खूप लोकांनी बघितला होता. हौसेने सजवलेला. सगळ्या चित्राला काळ्या पट्टीची चौकट, कडेला भोकं. वर पावसासारख्या रेघा, टिपके, मध्येच चित्र थरथरतं, मागे जुन्या मशीनची करकर. सगळं खोटं, फोनवर बोट लावून आणलेलं. आणि त्या खोट्या जुनेपणाच्या आत खरे बाबा, मान वाकवलेले. मग मामांचा आवाज. मग हसणं. गौरेश माझ्या अगदी शेजारी उभा होता, त्यामुळे सगळ्यात जवळून, सगळ्यात स्पष्ट, माझंच हसू ऐकू येत होतं. हार घालून झाल्यावर खुदकन हसलेली मी. मला माझा आवाज आवडायचा.

मी गौरेशला फोन केला. "काढ तो."

"वहिनी, लोकांका आवडलो तो! कित्याक?"

"काढ म्हटलं ना."

त्याने लगेच काढला. सॉरीही म्हणाला, कशासाठी ते न कळता. पण तोवर तो कुणाकुणाच्या स्टेटसला लागला होता. मी एकेकाला फोन करत सुटले. काखेत बाबू, तो फोनला हात घालतोय, आणि मी म्हणतेय, काकी, तेवढा व्हिडिओ काढा. मावशी, प्लीज. "काढलंय गो, मघाशीच," असं सगळ्याच म्हणाल्या. माझ्या आईनेही तिकडे माहेरी, मोप्याला, पन्नास जणांना पाठवून ठेवला होता, "आमच्या सेजलने सासऱ्यांचा सत्कार केला," असं लिहून. मी तिच्यावर ओरडले आणि मग रडले. तिला काही कळलं नाही. "इतका सुंदर तर झालेला!" म्हणाली.

त्या जत्रेत लोकांनी ओरबाडलेली फिल्म, सासूबाई म्हणाल्या होत्या, तंबूवाल्याने नंतर फाटकी तेवढी कापून नदीत टाकली. म्हणजे ती नदीत तरी गेली. मी काय कापू? कुठे टाकू?

त्यानंतर मला सगळीकडे ती पट्टीच दिसायला लागली. फोनमध्ये व्हिडिओच्या खुणेला तीच. बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या पाटीवर तीच. पणजीच्या रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर, बाबूच्या एका झबल्यावर, शेजारणीच्या लग्नपत्रिकेच्या कडेला. खरी फिल्म कुणी बघितलेली नाही, पण तिचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं. गोड. आठवण, गंमत, जुना काळ. इतकी वर्षं बाबा डिचोलीच्या बाजारातून त्या चित्रांखालून चालत होते, आणि कुणाला काही दिसत नव्हतं. निदान घरात तरी ते नव्हतं. ते मी आणलं. घराच्या गेटावर टांगलं.

बाबा बोलायचे, नाही असं नाही. चहा ठेव, पंप बंद कर, पाऊस येतलो. पण बाबूला घ्यायचे बंद झाले. पूर्वी सकाळी कुळागरातून वर आले की हात पुसून आधी त्याला उचलायचे. आता तो रांगत त्यांच्या पायाशी जायचा, लुंगीला धरून उभा राहायचा, आणि ते त्याच्या डोक्यावरून हात फिरवून निघून जायचे. बाबू तिथेच बसून दाराकडे बघत राहायचा. मी चहा ठेवून त्यांच्यासमोरून पळायचे. एकाच घरात आम्ही एकमेकांच्या वाटा चुकवायला शिकलो. साईश म्हणायचा, "जातलां गो ठीक. म्हातारो मनीस." तो शिफ्टला जायचा. त्याला पळायला जागा होती.

आणि गाऱ्हाणं राहिलंच होतं. देव्हाऱ्यात प्रसादाचं पान सुकून कडा आत वळल्या. बाबूला जरा ताप आला. दात येत होते, दुसरं काही नाही. पण मी त्या रात्री पुन्हा पुन्हा उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघत राहिले.

सकाळी ताप उतरला होता. मी प्रसाद घेतला, बाबूला कडेवर घेतलं आणि कुळागरात उतरले. बाबा पाटाच्या तोंडाशी वाकून फावड्याने माती ओढत होते. पाणी एका पोफळीच्या आळ्यातून दुसऱ्यात जात होतं. मला बघून ते सरळ झाले.

"बाबा, गाऱ्हाणां रवलां."

"साईशाक सांग."

"तेका येणा नाय."

"शिकात." ते परत वाकले. "यूट्यूबार आसता म्हणे. सगळां आसता."

मला हसू यायला हवं होतं, बहुतेक त्यासाठीच ते म्हणाले होते. पण हसू हीच तर माझी अडचण होती.

"बाबा, मी हसलंय तेव्हा."

फावडं थांबलं.

"मामा बोलले तेव्हा. माका काय म्हायत नव्हतां, पण मी हसलंय. व्हिडिओत ऐकू येता."

बाबूने हात लांब करून त्यांच्या दिशेने अंग टाकलं, मला त्याला घट्ट धरावं लागलं. बाबांनी फावडं पोफळीला टेकवून ठेवलं आणि पाटात हात धुतले.

"सगळेच हसले. हसपासारख्यांच होतां. शेवट म्हणान सुरवात दाखयली." ते थोडं हसले की काय, मला कळलं नाही, तोंड दुसरीकडे होतं. "तुजां माका आयकूक नाय येऊक. मी दुसरां बघी होतंय."

"काय?"

"सुमंगल हसता काय नाय, तां." ओले हात त्यांनी लुंगीला पुसले. "आणि मागीर मी हय येऊन बसलंय, तर फाटल्यान कोण येता? तीच. पायात वाणा नाय. एवढी माणसां जेवची टाकून. बसली हय, त्या फातरार. उलयली काय नाय."

मी त्या दगडाकडे बघितलं. सासूबाई निघून गेल्या म्हणून मी दुसऱ्या दिवशी साईशपाशी किती काय बोलले होते, ते सगळं एकदम आठवलं.

"माका मागीर पोराक घेवक लाज दिसली," बाबा म्हणाले. "वाटला, ह्येच्या आजाक बघून लोक हसतत, तां ह्येका कळूक नाय जाय. बारको आसा, काय कळता, पण तरी."

असं काही ते बोलतील अशी माझी कल्पनाच नव्हती. मला वाटत होतं, ते माझ्यावर रागावलेत. राग सोपा होता. मी त्याच्यापुढे डोकं वाकवलं असतं. ही गोष्ट वेगळी होती. मी त्यांच्या हातातून नातू काढून घेतला होता, आणि तेही मला दोष न देता त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

"घ्या तेका," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी बाबूला घेतलं. बाबूने लगेच त्यांचा कान पकडला. सुकलेलं पान मी उघडलं. फुलाचं काळं झालेलं देठ, थोडा अंगारा. बाबांनी तो बोटाने बाबूच्या कपाळाला लावला आणि फोंड्याच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. पाण्यात, पाय चिखलात, नारळ नाही, माणसं नाहीत.

"हयच?" मी विचारलं.

"देवाक काय कुळागर म्हायत नाय?"

आणि त्यांनी सुरुवात केली. इतका मोठा आवाज त्या माणसात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "बा देवा, म्हाराजा! हो तुझो लेकरू. ह्येना वरस पुरां केल्यान, तां तुझ्या पायाच्या बळार."

ते थांबले. आता "होय म्हाराजा" म्हणायचं, हे मला ठाऊक होतं. पण ते नेहमी पुरुषांनी म्हटलेलं ऐकलेलं, सगळ्यांनी मिळून. माझा एकटीचा आवाज कसा वाटेल? आणि ह्या आवाजाचं मी काय केलंय, तेही आठवलं.

"होय म्हाराजा," मी पुटपुटले.

"आयकूक येणा नाय."

"होय म्हाराजा."

"ह्येका उदंड औक्ष दी. वाटेन जातलो तर वाट दी, न्हंय आडवी इली तर उतार दी."

"होय म्हाराजा."

"आणि ह्या घरातल्या कोणाकडसून," इथे त्यांनी बाबूला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, "कोणाकडसून, म्हायत असतां नाय तर म्हायत नसतां, काय चुकलां माकलां असात, तर पोटात घाल म्हाराजा."

पाट वाहत होता. ते वाट बघत उभे होते, माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं.

"मोठ्यान," ते म्हणाले.

मी मोठ्याने म्हटलं. बाबू दचकला, माझ्याकडे वळून बघायला लागला, रडू की हसू हे ठरत नव्हतं त्याचं.